नाताळ आणि सार्वकालिक जीवनाची आशा : खानदेशातील ख्रिस्ती श्रद्धेची ओळख

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण आहे. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र त्याचे स्थान एखाद्या थोर पुरुषाच्या जयंतीहून वेगळे आहे. देव स्वतः माणूस झाला, आईच्या उदरातून जन्माला आला, भूक, तहान, थकवा आणि मरण या सर्वांतून गेला, हा या सणाचा गाभा. यालाच ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘देहधारण’ म्हणतात. देवाने देह का घेतला, या प्रश्नाचे उत्तर सार्वकालिक जीवनाच्या आशेत सापडते. माणसाला मृत्यूपलीकडचे जीवन मिळावे म्हणून देव माणसाच्या मर्त्यपणात उतरला, असे ख्रिस्ती लोक मानतात. म्हणून बेथलेहेमची गव्हाण आणि यरुशलेमची रिकामी कबर या दोन गोष्टी त्यांच्या श्रद्धेत एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. जळगाव, धुळे आणि पूर्वी धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे, पण हा अर्थ तो शंभराहून अधिक वर्षे आपल्या भाषांत आणि आपल्या रीतीने जपत आला आहे.

जन्मकथा आणि तिचे दोन साक्षीदार

नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी येशूच्या जन्माची हकिकत फक्त मत्तय आणि लूक यांनी दिली आहे. लूकच्या सांगण्याप्रमाणे रोमन सम्राट औगुस्त याने नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढला. त्यामुळे नासरेथचा सुतार योसेफ आणि त्याची गर्भवती वाग्दत्त वधू मरिया यांना बेथलेहेमला जावे लागले. तिथे उतारशाळेत जागा मिळाली नाही. मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गुरांच्या गव्हाणीत ठेवले. ही वार्ता सर्वांत आधी राजवाड्याला किंवा मंदिराला कळली नाही. रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना ती देवदूताने सांगितली. साक्री आणि धुळे तालुक्यांत कळप घेऊन गावोगाव फिरणाऱ्या ठेलारी कुटुंबांचे जिणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तपशिलाचे वजन वेगळे समजावून द्यावे लागत नाही. ज्यांना स्थिर घर नाही, गावात फारसा मान नाही, त्यांच्या हाती पहिली बातमी देण्यात लूकच्या शुभवर्तमानाचा सगळा सूर आला आहे. बाळाच्या जन्माआधी मरियेने गायिलेल्या स्तोत्रातही हाच सूर आहे: देव गर्विष्ठांना खाली आणतो आणि दीनांना वर उचलतो.

मत्तयची हकिकत वेगळ्या बाजूने येते. पूर्वेकडचे ज्ञानी लोक एका ताऱ्याच्या मागावर येतात आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात. सोने राजासाठी, ऊद देवाच्या पूजेसाठी आणि गंधरस प्रेताला लावण्यासाठी, असा या तीन भेटींचा अर्थ मंडळीच्या आरंभीच्या शतकांपासून लावला जातो. म्हणजे पाळण्यातील बाळाला मिळालेल्या भेटींतच त्याच्या मरणाची खूण होती. हेरोद राजा बेथलेहेमची लहान मुले मारवतो आणि योसेफ मरियेला व बाळाला घेऊन मिसर देशात पळतो, हा पुढचा भागही मत्तयचाच. नाताळची गोड गाणी अनेकदा हा भाग वगळतात. शुभवर्तमानाने तो मुद्दाम ठेवला आहे, कारण ज्या जगात देव आला ते जग क्रूर आहे याची त्याला जाणीव होती.

योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाण नाही, तारा नाही. जो शब्द आरंभापासून देवाबरोबर होता आणि ज्याच्याद्वारे सर्व काही निर्माण झाले, तो देही होऊन माणसांत राहिला, एवढेच योहान सांगतो. मत्तय आणि लूक प्रसंग सांगतात, तर योहान त्या प्रसंगाचा अर्थ सांगतो.

२५ डिसेंबर ही तारीख

येशूच्या जन्माचा दिवस बायबलमध्ये दिलेला नाही. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक जन्मोत्सव पाळत नव्हते; त्यांचा मुख्य सण पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा होता. रोममध्ये २५ डिसेंबरला जन्मोत्सव होत असल्याची नोंद इ.स. ३३६ ची आहे. पूर्वेकडील मंडळ्यांत ६ जानेवारी हा दिवस मानला जाई, आणि आर्मेनियन मंडळी आजही तोच मानते. २५ डिसेंबर का निवडला गेला, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एका मतानुसार दिवस मोठा होऊ लागण्याच्या सुमारास रोमन लोक जो सूर्योत्सव करत, त्याच्या जागी ख्रिस्ती लोकांनी जगाच्या प्रकाशाचा सण आणला. दुसऱ्या मतानुसार येशूचा गर्भसंभव आणि मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, झाला असे मानून त्यापुढे नऊ महिने मोजले गेले. हे दुसरे मत खरे असेल, तर तारीख ठरवणाऱ्यांच्या मनात जन्म आणि वधस्तंभ आधीपासूनच जोडलेले होते.

जन्माचे वर्षही इ.स. १ नव्हे. सहाव्या शतकात डायोनिसियस या मठवासीयाने ख्रिस्ती सनाची गणना मांडली, ती काही वर्षांनी चुकली. हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पूर्व ४ मध्ये वारला, म्हणून येशूचा जन्म त्याच्या थोडा आधीचा धरला जातो.

देहधारण म्हणजे काय

येशू नेमका कोण, या प्रश्नावर मंडळीत दीर्घ वाद झाला. इ.स. ३२५ मध्ये निकाया येथील परिषदेने तो पित्याशी एकतत्त्व असलेला खरा देव आहे असे ठरवले. इ.स. ४५१ च्या खाल्कदोन परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, दोन्ही स्वरूपे एकाच व्यक्तीत मिसळून न जाता आणि वेगळी न होता नांदतात, असे सूत्र दिले. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही परंपरांची मुख्य मंडळी हे सूत्र मानतात.

मराठी वाचकाला इथे अवतारकल्पना आठवणे स्वाभाविक आहे, आणि दोन्हींत देव माणसांच्या उद्धारासाठी खाली येतो हे साम्य खरे आहे. फरक तीन ठिकाणी आहे. अवतार युगायुगांत अनेक होतात, तर देहधारण इतिहासात एकदाच झाले असे ख्रिस्ती लोक मानतात. अवतारकार्य संपल्यावर देव तो देह सोडतो; ख्रिस्ताने घेतलेले मनुष्यपण त्याने पुढे टाकून दिले नाही, पुनरुत्थानानंतरही तो देहासह आहे. आणि अवताराचे कार्य बहुधा दुष्टांचा संहार हे असते, तर ख्रिस्ताचे कार्य दुष्टाव्याचा घाव स्वतःवर घेणे हे मानले जाते.

ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे माणसाचे मूळ दुखणे पाप आहे. पाप म्हणजे केवळ चुकीची कृत्ये नव्हेत. ते देवाशी तुटलेले नाते आहे, आणि मृत्यू त्या तुटण्याचे फळ आहे. हे नाते माणसाला स्वतःच्या पुण्याईने पुन्हा जोडता येत नाही. म्हणून देव माणसाच्या बाजूला आला, माणूस म्हणून आज्ञाधारक जगला, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. चौथ्या शतकातील आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू अथानासियस याने देहधारणावरील आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की, जीवनाचा स्वामी मृत्यूच्या हद्दीत शिरला म्हणूनच मृत्यूची सत्ता आतून मोडली. नाताळ या शिरकावाची सुरुवात आहे.

सार्वकालिक जीवन म्हणजे काय

‘सार्वकालिक जीवन’ हा मराठी बायबलमधील शब्दप्रयोग ऐकून न संपणारे आयुष्य एवढाच अर्थ मनात येतो. योहानाच्या शुभवर्तमानात त्याचा अर्थ अधिक खोल आहे. देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे हेच ते जीवन, असे येशू प्रार्थनेत म्हणतो. म्हणजे ते मेल्यावर सुरू होत नाही. विश्वास ठेवणाऱ्याच्या आयुष्यात ते आजच सुरू होते आणि मृत्यू त्याचा शेवट करू शकत नाही. लांबीपेक्षा त्याचा कस महत्त्वाचा.

दुसरा मुद्दा देहाच्या पुनरुत्थानाचा. आत्मा अमर आहे आणि तो देहाच्या तुरुंगातून सुटतो, ही कल्पना ग्रीक विचारात बळकट होती. ख्रिस्ती आशा तिच्याहून निराळी आहे. देव देहासह संपूर्ण माणसाला उठवील, असे ती सांगते. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौलाने यासाठी पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आहे: जमिनीत जाते ते एक, उगवते ते त्याहून तेजस्वी, तरी दोन्हींत सलगता असते. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे, असेही तो त्याच अध्यायात निक्षून सांगतो. देवाने देह धारण केला, म्हणून देह टाकाऊ नाही. आणि देह टाकाऊ नाही, म्हणून त्यालाही भविष्य आहे. नाताळ आणि पुनरुत्थान यांना जोडणारा दुवा हाच.

तिसरा मुद्दा न्यायाचा आणि नव्या सृष्टीचा. ख्रिस्त पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, आणि देव नवे आकाश व नवी पृथ्वी घडवील, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील चित्रात देव माणसांमध्ये वस्तीला येतो, त्यांचे अश्रू पुसतो आणि मरण राहत नाही. देवाने माणसांत वस्ती करण्याची जी गोष्ट बेथलेहेममध्ये सुरू झाली, ती तिथे पूर्ण होते.

पुनर्जन्म आणि मोक्ष या कल्पनांपेक्षा ही आशा वेगळी आहे. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे माणूस एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो. कर्मफळाचे फेरे नाहीत. अंतिम अवस्थेत जीव परमात्म्यात विलीन होत नाही. तो आपल्या ओळखीसह देवाच्या सहवासात राहतो. आणि हे जीवन मिळते ते कृपेने, कमाईने नव्हे. मृतांविषयीच्या काही गोष्टींत मात्र ख्रिस्ती परंपरांतच मतभेद आहेत. कॅथलिक लोक शुद्धिस्थान मानतात, मृतांसाठी प्रार्थना करतात आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत. मृतांना देवाच्या हाती सोपवून मागे राहिलेल्यांसाठी सांत्वनाची प्रार्थना करतात.

मराठीत आलेली ही कथा

ख्रिस्तजन्माची कथा मराठीत आली ती चारशेहून अधिक वर्षांपूर्वी. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला आणि तो १६१६ मध्ये छापला गेला. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत; पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे ख्रिस्तचरित्राचे. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना तशाच रूपातला ग्रंथ हवा होता, ती गरज त्याने भागवली. पुढे १८११ मध्ये सेरामपूरहून विल्यम कॅरे यांच्या प्रयत्नाने नवा करार मराठीत निघाला.

खानदेशाशी थेट धागा जुळतो तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढचे बरेचसे आयुष्य अहमदनगरला काढले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची स्वतःविषयीची भावना होती. १९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले. कर्नल डॉ. कीर्तिकर त्याचे अध्यक्ष होते. त्या संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोराला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. हाच मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, पण धर्माच्या भिंतीपलीकडचा तो जिव्हाळा टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांना ठाऊक आहे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. टिळकांनी अभंगाच्या चालीवर रचलेली भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही गायिली जातात. जळगाव-धुळ्याच्या उपासनेतला मराठी सूर बराचसा या परंपरेचा आहे.

खानदेशातील मंडळ्या

इंग्रजी अमलात खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले; तेच आजचे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. पूर्वेकडील जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या रेल्वेच्या पट्ट्यात आणि लगतच्या वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने काम केले. भुसावळला रेल्वेच्या नोकरीमुळे अँग्लो-इंडियन आणि इतर प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबेही स्थिरावली. पश्चिमेकडे नवापूर, नंदुरबार, धुळे या भागात विसाव्या शतकात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. नवापूर तालुक्यातील मावची आणि इतर आदिवासी समाजांत त्यातून मोठ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. कॅथलिक मंडळी १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात; धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात येतात.

या दोन्ही प्रॉटेस्टंट मिशनांचा मूळ भर ध्यानात घेण्यासारखा आहे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्पसन (१८४३-१९१९) ख्रिस्ताचे चार पैलू शिकवत: तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा. १८९० मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन करणारे स्वीडिश वंशाचे प्रचारक फ्रेडरिक फ्रान्सन (१८५२-१९०८) यांच्या प्रवचनांतही ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा विषय अग्रस्थानी असे. ख्रिस्त लवकर येणार आहे, म्हणून त्याची वार्ता दूरच्या लोकांपर्यंत तातडीने पोहोचली पाहिजे, या ओढीने ही माणसे निघाली होती. खानदेशातील मंडळ्या ज्या शिकवणीवर वाढल्या, तिच्यात पहिले आगमन आणि दुसरे आगमन, जन्म आणि सार्वकालिक जीवन, सुरुवातीपासून एकत्र होते.

देहाविषयीची आस्थाही या शिकवणीतून आली. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा या गावी १९४२ मध्ये ख्रिस्ती रुग्णालय सुरू झाले आणि ते आजही एमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या छत्राखाली चालू आहे. क्षयरोग, सर्पदंश, सिकलसेल, अवघड बाळंतपण हे या आदिवासी पट्ट्यातले नित्याचे प्रश्न आहेत. देवाने ज्या मानवी देहात वस्ती केली, त्या देहाची शुश्रूषा करणे ही त्याचीच सेवा, हा अशा रुग्णालयांमागचा विचार. सार्वकालिक जीवनाची आशा माणसाला या जगातील दुःखाकडे पाठ फिरवायला शिकवते, असा आक्षेप घेतला जातो. चिंचपाड्यासारखी कामे त्याला प्रत्यक्षातून उत्तर देतात.

सणाची रीत

नाताळची तयारी चार रविवार आधी, आगमनकाळाने सुरू होते. अनेक चर्चमध्ये दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावल्या जातात. या काळातील शास्त्रपाठ दोन दिशांना पाहतात: मागे बेथलेहेमकडे आणि पुढे ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे. डिसेंबरच्या थंडीत गायकांचे जथे घरोघरी जातात. पेटी, ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने मराठीत, नवापूरकडे मावचीतही, जन्माची गीते होतात. घरावर कागदी तारा लागतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू यांचा फराळ शेजारीपाजारी वाटला जातो आणि त्यासोबत केकही असतो. कॅथलिक लोक २४ डिसेंबरच्या रात्री मिस्सेसाठी जमतात, प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मुख्य उपासना बहुधा २५ तारखेच्या सकाळी होते. चर्चमध्ये आणि घरांत गवत, माती, पुठ्ठा यांचा गोठा मांडतात. या प्रथेचे श्रेय आसिसीच्या संत फ्रान्सिस यांना दिले जाते. त्यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी खरा बैल आणि गाढव आणून हे दृश्य उभे केले होते. देव किती गरिबीत आला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा हेतू होता.

मरणाच्या प्रसंगी

नाताळच्या शिकवणीची खरी कसोटी घरातल्या मरणाच्या वेळी लागते. ख्रिस्ती कुटुंबात मृताच्या नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ असे लिहिले जाते. प्रेत घरी असताना मंडळी जमते, गीते गाते, पाळक किंवा धर्मगुरू पुनरुत्थानाचे पाठ वाचतात. कबरीपाशी, माती मातीला मिळत असताना, पुन्हा उठण्याची आशा मोठ्याने उच्चारली जाते आणि जमलेले लोक मूठभर माती टाकतात. नंतर घरी सांत्वनाच्या प्रार्थना होतात. शोक नाकारला जात नाही. मित्र लाजार याच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला, हे योहानाने नोंदवले आहे. मात्र त्या शोकाला आशेची बाजू असते. ईस्टरच्या पहाटे काही ठिकाणी मंडळी दफनभूमीत जमून उपासना करते, तेव्हा हीच आशा सणाच्या रूपाने व्यक्त होते.

अशा रीतीने ख्रिस्ती वर्ष आगमनकाळापासून नाताळ, उपवासकाळ, शुभ शुक्रवार आणि ईस्टर असे पुढे सरकते आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याचा अर्थ उलगडतो. देव मर्त्य माणूस झाला नसता तर तो मेला नसता. मेला नसता तर उठला नसता. आणि तो उठला नसता तर माणसाला मृत्यूपलीकडे आशा उरली नसती. ख्रिस्ती श्रद्धेत नाताळचा आनंद या तर्कावर उभा आहे, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मंडळ्या दर डिसेंबरात त्याचाच उत्सव करतात.